गोठलेलं वऱ्हाड

विचार करायला जरा थांबलो की माझा डावा हात आपोआप कंट्रोल आणि एस दाबतो. भारनियमनाच्या काळात टायपिंग शिकलेल्या माणसाची ही जन्माची खोड. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दर ओळीला सेव्ह.

त्या रविवारी लिनक्सच्या टर्मिनलमधून, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीतून, मेहुण्याच्या लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर चढवत होतो. नावं सरसर वर सरकत होती. हळद झाली, सीमांतपूजन झालं आणि ऐन मंगलाष्टकांत सगळं ठप्प. हार्ड डिस्कचा लुकलुकणारा दिवाही गप्प. एंटर मारलं, स्पेस मारलं, चारही बाण दाबले. ढिम्म. कंट्रोल सीनं चालू काम मरतं एवढं ठाऊक होतं, म्हणून तिकडे बोट नेलं नाही.

"अहो, बंद करून चालू करा," बायको म्हणाली. गिझरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांवर तिचा हाच उतारा.

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी इंचभर हलत नसली तरी माणूस हॉर्न वाजवतोच. तसं मी रोमन लिपीत मनातलं बडवायला घेतलं. पडद्यावर अक्षर उमटत नव्हतं, मग भीती कसली?

पाऊण तासानं भाच्याला फोन लावला. तो गंगापूर रोडला मिसळीवर होता.

"मामा, कंट्रोल एस दाबलंस ना?"

"छे! मी कशाला दाबू?"

"कंट्रोल क्यू दाब."

दाबलं. मंगलाष्टकं अडली होती तिथून पुढे सुरू!

मग रस्सा भुरकत त्यानं खुलासा केला. टर्मिनलला सेव्ह-बिव्ह कळत नाही. त्याचे पूर्वज टेलिटाइप, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारी यंत्रं. 1963 चं मॉडेल 33 सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापायचं, त्यामुळे पलीकडच्याला "थांब जरा" म्हणायची सोय लागे. अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यातला 19 क्रमांक म्हणजे थांब, 17 म्हणजे चल. कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्या अक्षराचा क्रमांक जातो; एस हे एकोणिसावं अक्षर, क्यू सतरावं. टेलिटाइप भंगारात गेले, हुकूम मात्र वतनासारखा चालू राहिला. टर्मिनलच्या सवयी ठरवणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ घातली की कटकट मिटते, वर कंट्रोल एसनं जुन्या कमांड, म्हणजे आधी टाइप केलेले हुकूम, पुढच्या दिशेनं शोधता येतात.

"आणि मामा, मधल्या वेळात काही टाइप केलं नाहीस ना? ते सगळं रांगेत उभं असतं. काम संपलं की कमांड म्हणून चालतं."

मी फोन ठेवला. पाठवणी आटोपत आली होती. बायको चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. शेवटचा फोटो चढला आणि टर्मिनल एकेक ओळ ओकू लागलं.

'चल: कमांड नॉट फाउंड.'

'अरे: कमांड नॉट फाउंड.'

'मेहुण्याला: कमांड नॉट फाउंड.'

"मेहुण्याला काय?" बायकोनं विचारलं आणि चहाचा कप परत ट्रेमध्ये ठेवला.