पंखा कुठे लावायचा?

इक्वेडोरमधल्या पास्तासा प्रांतातल्या किचवा किंवा वाओरानी आदिवासी बायका जंगलात सगळ्यांना जमायला एक मोठं घर बांधताहेत, हातभार लावा, असा निरोप कधी तुमच्यापर्यंत पोहोचला तर लगेच खिशात हात घालू नका. आपण जबाबदार देणगीदार आहोत. आधी चौकशी.

घर कशाचं, ते विचारा. खांब जंगलातल्या लाकडाचे, वेलींनी आवळून बांधलेले, वर ताडाच्या जातीच्या झाडाची पानं, असं सांगतील. तुम्ही म्हणा, "त्यापेक्षा पत्रा टाका ना!" तिकडचा पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की शेजारी बसलेलीचं बोलणं ऐकू येत नाही, आणि घर तर बोलायलाच बांधतोय, हा मुद्दा त्या काढतील. तो टिपून घ्या आणि विसरा. आत चूल धुमसत ठेवली की धुराने छपराला कीड लागत नाही, हेही सांगतील. त्यावर निर्धूर चुलीची योजना सुचवा. छप्पर किडलं तर पत्रा आहेच.

मजुरी किती, असं विचारलंत तर 'मिंगा' असं उत्तर येईल. म्हणजे सगळं गाव मिळून काम करतं, बायका जेवणाचं आणि चिचा नावाच्या आंबवलेल्या पेयाचं बघतात, मजुरी कोणी मागत नाही. अशा उत्तराला तक्त्यात रकाना नसतो. 'इतर' मध्ये टाका.

आता खरा विषय. नाव कुठे घालायचं? आपल्या गावच्या देवळात पंख्याच्या तीन पात्यांवर तीन पिढ्या असतात: आजोबा, वडील आणि 'यांजकडून सप्रेम भेट'. पंखा फिरला की कोणीच वाचता येत नाही, म्हणून आमच्याकडे एका यजमानांनी ऐन वैशाखात आरतीपुरता पंखा बंद ठेवायला लावला होता. भक्त घामाघूम झाले, पण नाव वाचलं. त्या जंगलातल्या घरात वीज नाही, म्हणून पंखा नको, हे कारण ऐकून घेऊ नका. पाती तर लागतील! न फिरणारी असली तर उलट सोयच.

हिशेबात मात्र कडक राहा. पानांच्या प्रत्येक भाऱ्याची पावती मागा. जंगल पावती देत नाही, ही सबब झाली. फक्त त्या बायकांनी उलटा हिशेब काढला तर विषय बदला. २००७ साली इक्वेडोरनेच जगापुढे झोळी धरली होती. यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही. त्यातून मिळाले असते त्याच्या निम्मे पैसे, ३६० कोटी डॉलर, तुम्ही सगळ्यांनी मिळून १३ वर्षांत द्या, असं म्हणणं होतं. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात जमले साधारण १ कोटी ३० लाख. झोळी गुंडाळली, तेल काढायला घेतलं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्याच मतदारांनी, सुमारे ५९ टक्क्यांनी, तेल जमिनीतच राहू द्या असा कौल दिला, तोही आपल्याला न विचारता. ३६० कोटींच्या वेळी आपण सगळे नेमके बाहेरगावी होतो. पानांच्या भाऱ्याच्या वेळी मात्र घरीच आहोत.

या बायकांना गाऊ द्या, पण सांस्कृतिक कार्यक्रमापुरतं. नाहीतर काय होतं ते मार्च २०१९ मध्ये पास्तासातल्याच पुयो शहराच्या न्यायालयात दिसलं. वाओरानींचं म्हणणं असं की २०१२ मध्ये सरकारने तेलासाठी आमची संमती घेतल्याचा नुसता देखावा केला. सुनावणीला धड दुभाषी नव्हता, तेव्हा म्हाताऱ्या बायका गायला लागल्या आणि थांबेचनात. सुनावणी पुढे ढकलावी लागली. एप्रिलमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. असल्या गाण्याला आपल्या अहवालात फोटो मिळणार नाही.

आणि पाहणी दौरा कराच. पहाटे तीन-चारला उठवतील, शेकोटीभोवती बसवून वायुसा नावाच्या पानांचा काढा देतील आणि रात्री काय स्वप्न पडलं ते विचारतील. ते ऐकून दिवसाची कामं ठरवायची रीत आहे. आपल्याला पंख्याचं स्वप्न पडलं, असं बेधडक सांगा.

अडचण चिचाची. बाई पुढे येऊन मुकावा धरते. पातळ मातीचा वाडगा, त्यावर केसांच्या कुंचल्याने काढलेल्या नाजूक रेघा, रेघांच्या आत आणखी रेघा. हातात घेतला तर श्वासाने फुटेल असं वाटतं. आत पांढरट, आंबूस पेय. युकाचा कंद उकडून, कुटून, त्यातला थोडा बायका तोंडात चावून परत भांड्यात टाकतात, मग ते आंबतं. थोडक्यात, उष्टं. नको म्हणणं हा अपमान, आणि ती बाई वाडगा पुढे धरून तशीच उभी राहते, घाई नसल्यासारखी.

अशा वेळी आज चतुर्थी आहे, उपास आहे, असं सांगून मोकळं व्हा. उपासाला काय खाता, असं तिने विचारलं तर साबुदाणा म्हणा. तो कशाचा करतात ते मात्र सांगू नका. त्याच कंदाचा.