ट्रेकिंगचे शूज चालतील का म्हणे!

सकाळी फिरलेलं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय. जेवणाची भांडी तशीच पडली आहेत, पडू देत.

आमच्या सोसायटीतला एक पोरगा. गुणी आहे, मोठ्यांना मान देणारा, तक्रार नाही. त्याने रॉयल एनफिल्डची नवीन मोटरसायकल, हिमालयन साडेचारशे घेतली, हप्त्यावर. आज पार्किंगमध्ये हाक मारून कौतुकाने दाखवायला घेऊन गेला. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे बॉक्स, मागे तिसरा. पुढे क्रॅश गार्ड, त्यावर जादा लाईट, असे की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला चार सेकंद काही दिसू नये. वर दोन लाल जेरीकॅन. हेल्मेटवर कॅमेऱ्याचा माउंट. पुढच्या महिन्यात चौघं हिमाचलात स्पितीला निघालेत. मी तेव्हा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीहून परत येत होते, रायडिंगचे बूट लाल मातीने माखलेले. माझ्या पायांकडे बघून म्हणतो, "काकू, बूट काय एवढे लागत नाहीत ना? ट्रेकिंगचे शूज आहेत माझ्याकडे. चालतील की."

म्हटलं, बूट का नाही घेतलेस? तर म्हणे, "बजेट संपलं."

बजेट संपलं! लाईटला होतं, बॉक्सला होतं, पेट्रोलच्या डब्याला होतं. घोट्यापर्यंत येईस्तोवर संपलं.

मला लगेच स्पितीच्या वाटेवरचा, छत्रूच्या अलीकडचा तो नाला आठवला. ग्रांफूवरून आत वळून बातलपर्यंतचा पट्टा ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गोटे, वाळू, पाणी, पुन्हा गोटे. दुपार कलली होती, आणि तिथे दुपारीच नाले फुगतात, कारण दिवसभर ऊन खाऊन वरचा बर्फ वितळलेला असतो. सकाळी घोट्याएवढं पाणी तिन्हीसांजेला गुडघ्याला लागतं. आम्ही पलीकडे पोचून मोजे पिळत बसलो होतो. मागून पुण्याकडचा एक ग्रुप आला. त्यातला एक पंचविशीतला मुलगा पाण्यात उतरला. बसलेला, नजर पुढच्या चाकावर, खांदे कानाला टेकलेले. मध्यावर गाडी जरा डुलली, त्याने घाबरून क्लच दाबला, गाडी थांबली आणि त्याने पाय टेकला. खाली गुळगुळीत गोटा. गोटा फिरला, सामानासकट सव्वादोनशे किलोची गाडी आडवी झाली, आणि बॉक्सची खालची धार बरोबर त्याच्या घोट्यावर.

पायात काय होतं? सेलमध्ये घेतलेले स्पोर्ट्स शूज. अंगात भारीतलं जॅकेट, डोक्यावर माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा महाग हेल्मेट, हेल्मेटवर कॅमेरा, तोही चालू. आणि पायात जाळीदार कापड.

असो. एकेक सांगते, नाहीतर नुसतं ओरडणं व्हायचं.

हेल्मेट आणि जॅकेटबद्दल आता पोरं बरीच शहाणी झाली आहेत, हे मान्य करते. आयएसआय तर कायद्यानेच लागतो, त्यावर ईसीई २२.०६ हा युरोपचा शिक्का असेल तर बरंच. जॅकेटच्या आतलं लेबल वाचा. तिथे ए, डबल ए, ट्रिपल ए लिहिलेलं असतं, जितके ए जास्त तितकं घासल्यावर टिकतं. पाठीच्या खिशात हात घालून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसती स्पंजची पट्टी असते, उशीत घालतात तसली. ती काढा आणि ईएन १६२१-२ छापलेला खरा बॅक प्रोटेक्टर घाला. गुडघ्याचे गार्ड आलेच, ते खाली सरकता कामा नयेत. एवढं पुरे.

आता बूट. बूट विकत घेताना दोन्ही हातांत धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा. पिळला गेला तर तो रायडिंगचा बूट नाही, मग दुकानदार काहीही सांगो. खऱ्या बुटाचा तळ कडक असतो, म्हणून फूटपेगवर, पाय ठेवायच्या दांडीवर, तासभर उभं राहिलं तरी तळवा दुखत नाही. नडगीवर प्लेट असते. घोटा आडवा वळत नाही. बकल असतात, लेस नसते.

लेस. त्या मुलाच्या बुटाच्या लेसची गाठ पाण्याने अशी आवळली होती की माझ्या गारठलेल्या बोटांना सुटेना. पाणी इतकं गार की त्याला आधी दुखतही नव्हतं, "माझी गाडी बघा, गाडी बघा" एवढंच चाललेलं. पाय सुजायला लागला तसा बूट आणखी घट्ट. मटारच्या गोण्या भरून मनालीकडे निघालेला एक पिकअपवाला थांबला. खाली उतरला, सीटखालून विळा काढला, एक शब्द न बोलता लेस कापली, आणि गोण्या सरकवून मागे जागा केली. नंतर कळलं, घोटा दोन ठिकाणी मोडला होता, प्लेट बसवावी लागली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: हातात जे पैसे असतील त्यातले पहिले बुटाचे, दुसरे शिकण्याचे, आणि उरले तर बॉक्सचे. आपल्या मित्रयादीतल्या कुणाला हे पटवून द्यावं लागेल असं वाटत नाही. तरी मला दर सीझनला तेच दिसतं, उलट्या क्रमाने.

आणि त्या बॉक्सबद्दल. कच्च्या रस्त्यावर तोल गेला की पाय आपोआप खाली येतो. गाडी पुढे सरकते, पाय मागे राहतो आणि त्याच्यावर मागून बॉक्स येतो. पोटरीचं हाड असंच मोडतं. म्हणून जुनी मंडळी कापडी बॅगा बांधतात, पडल्या तरी दबतात. हो, बॉक्सला कुलूप लागतं, हॉटेलबाहेर गाडी लावून निवांत झोप लागते, पावसात कपडे कोरडे राहतात. मान्य. हायवेला न्या ना मग, महाबळेश्वरला न्या.

जेरीकॅनचं तर हसूच आलं. या गाडीची टाकी १७ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरले तरी ५०० किलोमीटर जाते. मनाली ते काझा २०० च्या आसपास, आणि काझाला पंप आहे. लेहच्या रस्त्यावर तांदीला 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर'वाला तो प्रसिद्ध बोर्ड आहे, तेवढंही टाकीत बसतं. मग दहा लिटर पेट्रोल वरती, उंचावर, कशासाठी लटकवायचं? फोटोसाठी. लिहून टाकते, फोटोसाठी.

सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरलं सांगू? मी त्याला म्हटलं, निघायच्या आधी दोन रविवार माझ्याबरोबर मैदानावर चल. तर म्हणतो, "काकू, मला गाडी येते. कॉलेजपासून चालवतोय."

येत नाही रे बाबा! डांबरावरची येते. कच्च्या रस्त्यावर जवळजवळ सगळं उलटं होतं. डांबरावर बसतोस, इथे उभं राहायचं. पायाचा चवडा पेगवर, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपरं बाहेर, हँडल सैल हाताने. खाली गाडीला हवं तसं नाचू द्यायचं, आपण वर स्थिर. डांबरावर पुढचा ब्रेक भरवशाचा, इथे खडीत तो कचकन दाबला की पुढचं चाक घसरलंच. म्हणून एक बोट, हलकं, आणि काम मागच्या ब्रेकचं. मागचं एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करायचं बटण या गाड्यांना उगाच दिलेलं नाही. टायरची हवा कमी करायची, विशीच्या घरात आणायची, डांबरावर आलं की पंपाने पुन्हा भरायची. उतारावर पहिला गिअर, क्लचला हात नाही. आणि नजर चाकावर नाही, जिथे जायचंय तिथे. त्या मुलाची नजर चाकावर होती. चाक जिथे होतं तिथेच तो पडला.

पाणी ओलांडायचं असेल तर आधी चालत जाऊन बघायचं. खोली किती, तळाला वाळू की गोटे. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. ढकलत न्यायची वेळ आली तर प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे पाण्याने गाडी लोटली तरी आपल्या अंगावर येत नाही. आणि पडून इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मग बघायचं.

हे वाचून येत नाही. मीही वाचून शिकले नाही. पस्तिशीनंतर एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथे पहिला अर्धा दिवस आम्हाला गाडी चालवूच दिली नाही. पाडायची आणि उचलायची. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, गाडी गिअरमध्ये. मग सीटला पाठ लावून बसकण मारायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. पाठीने उचलायला गेलात तर आयुष्यभराचं दुखणं. माझ्याबरोबर दोन जिमवाली पोरं होती, हातांनी ओढून लाल झाली. माझी उंची पाच फूट दोन इंच, मी उचलली. नंतरचा अर्धा दिवस मुरुमात आठचे आकडे, चालण्याच्या वेगाने, अर्ध्या क्लचवर. कंटाळवाणं, घामटं काम. पण हेच खरं शिकणं, बाकीचं नंतर आपोआप येतं.

आपल्या हरिथ नोआहने २०२४ मध्ये डाकार या जगातल्या अवघड मोटर रॅलीत रॅली टू हा गट जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तो सुपरक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या शर्यतींच्या, ट्रॅकवर वर्षानुवर्षं झिजून तिथे पोचला. सी. एस. संतोष २०१५ ला डाकार धावणारा पहिला भारतीय, त्याने कर्नाटकात कोलारजवळ डर्ट पार्क, कच्च्यावर गाडी चालवायचं मैदान, उभारला तो शिकवण्यासाठीच. शिकवणारे आहेत. शिकायला जाणारे कमी, बॉक्स लावणारे जास्त. आता साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोराने कोलारला कसं जायचं, हे खरंच अवघड आहे, कबूल. पण मुरुमाचं मैदान आणि आठ विटा कुठेही मिळतात.

थोडं शांत झाले आता. चहा घेतला.

खरं सांगायचं तर त्या पोराचं मला कळतं. माझी पहिली गाडी हिरोची सेकंडहँड इम्पल्स. बाजारात ती चालली नाही, माझ्याकडे मात्र सुसाट चालली. ती घरी आणली त्या रात्री मी दोनदा खाली जाऊन बघून आले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, दागिन्यासारखी काय बघतेस. आता हिरोचीच एक्सपल्स आहे. सीट ८२५ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या हिमालयनएवढीच, माझा एकच पाय टेकतो आणि तेवढा पुरतो. पण माझी गाडी १६० किलोच्या आत-बाहेर, त्याची १९६, बॉक्स सोडून. शिकायला हलकी गाडी बरी असं माझं मत आहे. त्याला ते आज सांगितलं नाही. गाडी आणून झाल्यावर असलं बोलू नये.

आणि शिकायला जा म्हटलं म्हणून कुणी कासच्या सड्यावर, पठारावर, गाड्या घालाल तर माझ्याशी गाठ आहे! तिथली माती बोटभर. तीत बिया, कंद, अख्ख्या वर्षाचं काम. एक चाक फिरलं की तो चरा पुढच्या पावसात ओहोळ होतो. २०१२ ला कास जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा फुलांसोबत सेल्फी काढणारेच नंतर बाजूच्या पठारांवर डोनट मारताना, गाडी जागच्या जागी गरगर फिरवताना, मी पाहिलेत. नंबरप्लेटचे फोटो आहेत माझ्याकडे. चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत, त्यांच्यावरून जा, कडेला उतरू नका. शेताचे बांध नकोत, कुणाची पेरणी नको. काळ्या रानात पावसात गेलात तर तसंही ती माती पुढच्या मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, आणि मग शेतकऱ्याच्याच घरी खुरपं मागायला जावं लागतं.

काहीजण आता लिहितील की स्पितीतली माणसं चपला घालून स्प्लेंडरवर फिरतात. फिरतात. ती लहानपणापासून त्याच नाल्यांतून जातात, कुठला गोटा हलतो ते त्यांना माहीत असतं. तुम्हाला आणि मला नसतं.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला होता. तो घरात म्हणाला म्हणे की काकू चिडल्या. मी म्हटलं, हो, चिडले. बूट घेतल्याशिवाय सोडू नका त्याला, हवं तर एक बॉक्स विकायला लावा, गिऱ्हाईक मी बघते. त्या हसल्या. मला हसायला येत नव्हतं.

कमेंटमध्ये 'काकू, कोणती गाडी घेऊ' असं विचारू नका, उत्तर देणार नाही. रविवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर असते. जी गाडी असेल ती घेऊन या, बॉक्स काढून या. आधी पाडा, मग उचला, मग बोलू.