अभिनंदनाच्या पोस्टलाही खेळाडूची परवानगी लागते

ऑलिम्पिक जवळ आलं की मार्केटिंगवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला हटकून फिरतो. खेळाच्या कपड्यांचा ब्रँड छोटा असेल तर खेळाडूशी करार करण्यात पैसे घालू नका. पदक मिळालं की तासाभरात फोटो, लोगो आणि अभिनंदन अशी पोस्ट टाका. शुभेच्छांना परवानगी लागत नाही. ‘ऑलिम्पिक’ हा शब्द आणि पाच वर्तुळं टाळली की झालं. हा सल्ला चुकीचा आहे आणि खेळाडूच्या हक्काच्या कमाईवर घाला घालणारा आहे.

“शुभेच्छांना परवानगी लागत नाही.” चाहत्याला लागत नाही, ब्रँडला लागते. लोगो आला की ती जाहिरात. 2021 मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूला कांस्य मिळालं, तेव्हा न विचारता तिचं नाव आणि फोटो वापरणाऱ्या अनेक ब्रँडना तिचं काम पाहणाऱ्या कंपनीने नोटिसा धाडल्या. प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीचा व्यावसायिक वापर कुणी करायचा हे तीच ठरवणार, हे तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 च्या टायटन विरुद्ध रामकुमार ज्वेलर्स खटल्यातच मान्य केलं आहे.

फोटोचा हक्क आणखी वेगळा. वृत्तसंस्थेचा फोटो बातमीपुरता मिळतो, जाहिरातीसाठी नाही. खेळाडू ‘हो’ म्हणाला तरी छायाचित्रकाराचा हक्क उरतोच. शिवाय अंगावर संघाचं किट असतं, त्यावर दुसऱ्याच कंपनीची खूण असते.

“शब्द टाळला की झालं.” ऑलिम्पिक सनद म्हणजे ऑलिम्पिकची मूळ नियमावली. खेळाडूंच्या जाहिरातींबाबतचा तिचा नियम 40 शब्दांपुरता नाही, स्पर्धेच्या आसपासच्या ठरावीक काळालाही तो लागू होतो. पॅरिससाठी हा काळ 18 जुलै ते 13 ऑगस्ट 2024 होता. या दिवसांत अधिकृत भागीदार नसलेल्या ब्रँडने खेळाडूचं अभिनंदन करणारी जाहिरात केलेली चालत नाही. मात्र खेळाडूला घेऊन जाहिरातच करता येत नाही, हेही खरं नाही. सर्वसाधारण जाहिरात चालते. ती त्या काळाच्या किमान 90 दिवस आधीपासून सुरू असावी, आधी कळवलेली असावी आणि स्पर्धेच्या दिवसांत तिचा मारा एकदम वाढू नये.

खरं काम इथेच आहे. पॅरिसचा हिशेब उलटा मांडला तर जाहिरात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकांसमोर हवी. म्हणजे करार जानेवारीत, चित्रीकरण फेब्रुवारी-मार्चमध्ये. खेळाडू रेल्वेत, पोलिसात किंवा सैन्यदलात नोकरीला असेल तर खात्याच्या परवानगीचा वेळही त्यातच धरायचा.

अडचण अशी की तेव्हा संघ ठरलेलाच नसतो. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2022 मध्ये कैरोत कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली जागा मिळवली, पण कोटा देशाचा असतो. नेमबाजांच्या निवड चाचण्या 2024 च्या एप्रिल-मेमध्ये झाल्या. एकाच खेळाडूवर सगळं बजेट लावणारा ब्रँड इथे फसतो. म्हणून वेगवेगळ्या खेळांतले चार-पाच खेळाडू घ्यावेत, रक्कम त्यांच्यात वाटावी आणि चित्रीकरण सरावाचं करावं. पहाटेचा ट्रॅक, घामाने भिजलेला टी-शर्ट, दुखापतीनंतरचा व्यायाम. कपडा कसा टिकतो हे त्यातच दिसतं, आणि खेळाडू पहिल्या फेरीत बाद झाला तरी जाहिरात खोटी पडत नाही. माझ्या मते गौरव करायचा तर तो या मेहनतीचाच व्हावा. पदक न मिळालेल्याची मेहनत काही कमी नसते.

“तासाभरात पोस्ट टाका.” 6 ऑगस्ट 2024 च्या रात्री विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि पदक नक्की मानलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन सुमारे 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. घाईने ‘रौप्य पक्कं’ असं छापलेली जाहिरात अशा वेळी खेळाडूच्या जखमेवर मीठ चोळते.

अभिनंदनाची जाहिरात करायचीच असेल तर पॅरिसच्या बाबतीत तिचा दिवस होता 14 ऑगस्ट. तिचं वेगळं मानधन किती, मजकुराला मंजुरी कोण देणार आणि ती किती दिवस चालणार, हे जानेवारीच्या करारातच लिहून घ्यावं.