छोट्या हॉस्पिटलात थांबू नका म्हणणारा तो मेसेज

आत्याने काल रात्री फॅमिली ग्रुपवर टाकला. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात, शीर्षक ‘गरीब देशात हार्ट अटॅक म्हणजे मरणच, मोठ्या हृदयरोगतज्ञाने सांगितलेलं सत्य’. तज्ञाचं नाव कुठेच नाही, अर्थात. मी एरवी असलं काही शेवटपर्यंत वाचत पण नाही, पण आत्याला बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि तिने खाली लिहिलंय, “सेव्ह करून ठेवलाय, सगळ्यांनी ठेवा.” म्हणजे उद्या रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर ती हे उघडून वाचणार. म्हणून लिहितोय.

मेसेजचे मुद्दे सहा. एक, अटॅकवर अँजिओप्लास्टी हा एकच इलाज, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) नसेल तर काही होत नाही. दोन, म्हणून छोट्या हॉस्पिटलात अजिबात थांबू नका, कितीही लांब असलं तरी थेट मोठ्या ठिकाणी जा. तीन, छोट्या ठिकाणी गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन देतात ते श्रीमंत देशांनी कधीच फेकून दिलंय, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. चार, वाटेत जोरजोरात खोकत राहा. पाच, सॉर्बिट्रेट (रक्ताच्या नळ्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवा, जीव वाचेल. सहा, ईसीजी नॉर्मल आला म्हणजे गॅस, घरी जा.

खोकल्याचं आधी उरकतो. हे आलं कुठून तर १९७६ साली काही डॉक्टरांनी छापलं होतं की कॅथलॅबमध्ये टेबलावर असताना पेशंटचे ठोके एकदम बिघडले आणि त्याला लगेच खोकायला लावलं तर तो काही सेकंद शुद्धीवर राहतो, तेवढ्यात शॉक देता येतो. म्हणजे डॉक्टर समोर, मॉनिटर लावलेला, शॉकचं मशीन हाताशी. मेसेजवाल्याने डॉक्टर, मॉनिटर, मशीन तिन्ही काढून टाकलं आणि खोकला तेवढा ठेवला! साध्या अटॅकमध्ये हृदय चालूच असतं हो, त्याला रक्त देणारी नळी तुंबलेली असते. खोकून ती मोकळी होत नाही.

आता दुसरा आणि तिसरा मुद्दा. यांनी माणसं मरतील, आणि माझी खरी चिडचिड इथे आहे, कारण ज्या आत्याने हे पाठवलं तिच्याच भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, छोट्या हॉस्पिटलातच ते ‘फेकून दिलेलं’ इंजेक्शन दिलं होतं आणि ही स्वतः बाहेर बाकावर बसली होती!

मला तो ईसीजीचा कागद अजून दिसतो. जी रेघ खाली यायला पाहिजे ती वरच अडकलेली, तीन ठिकाणी, डॉक्टरांनी पेनने गोल केले आणि म्हणाले मोठ्या हॉस्पिटलला पोचून अँजिओप्लास्टीचा बलून नळीत फुगेपर्यंत तीन तास जातील, आपण इथेच सुरू करू. आधी विचारून घेतलं, कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, लकवा, एवढ्यात काही ऑपरेशन, संडासवाटे रक्त वगैरे. मग स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे तेच गुठळी विरघळवायचं औषध, सलाईनमधून, तासभर. मध्येच बीपी ८० वर आलं, सिस्टरने थेंब कमी केले आणि कॉटची पायाकडची बाजू उचलली. चाळीसेक मिनिटांनी बाबा म्हणाले, दुखायचं थांबलं. त्याच वेळी मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे, आम्ही घाबरलो, तर डॉक्टर म्हणाले घाबरू नका, नळी उघडली की असं होतं. दीड तासाने परत ईसीजी काढला तर रेघ खाली आलेली. दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सने मोठ्या ठिकाणी नेऊन अँजिओग्राफी आणि स्टेंट, ते निवांत झालं.

बरं, एका माणसाच्या गोष्टीने काही सिद्ध होत नाही, मान्य. म्हणून आयसिस-२. (त्या नावाचा दुसऱ्या कशाशी संबंध नाही, ही १९८८ साली लॅन्सेटमध्ये छापलेली चाचणी आहे.) ४१७ हॉस्पिटलं, १७,१८७ पेशंट, सगळे अटॅकचा संशय असलेले. काहींना हेच स्ट्रेप्टोकायनेज, काहींना नुसती ॲस्पिरिन, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीतलं काहीच नाही. पाच आठवड्यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेलेले मोजले. काहीच न मिळालेल्यांत १३.२ टक्के, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. म्हणजे शंभरात पाच माणसं जास्त जगली, तीही कॅथलॅबशिवाय, एक सलाईन आणि रोजच्या एका गोळीवर. आणि नुसत्या ॲस्पिरिनचा फायदा जवळजवळ त्या इंजेक्शनएवढाच निघाला! मेसेजच्या सहा मुद्द्यांत ॲस्पिरिनचं नावसुद्धा नाही, खोकला आहे.

याच चाचणीत एक गंमत आहे. मासिकवाले म्हणाले वेगवेगळ्या गटांचे आकडे द्या, तर संशोधकांनी राशींप्रमाणे पण आकडे लावून दाखवले, आणि मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही असं ‘निघालं’. आकड्यांचे हवे तेवढे तुकडे केले तर काहीही निघतं हे दाखवायला केलेलं. आत्या तूळ राशीची आहे, त्यामुळे ही ओळ कापून वेगळी फॉरवर्ड झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. अँजिओप्लास्टी वेळेत मिळाली तर ती इंजेक्शनपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. २००३ साली २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सुरुवातीच्या काळातले मृत्यू अँजिओप्लास्टीवाल्यांत ७ टक्के आणि इंजेक्शनवाल्यांत ९ टक्के आले. मेंदूत रक्तस्रावाचा धोकाही खरा, साधारण शंभरात एक. म्हणूनच ते प्रश्न आधी विचारतात. आणि इंजेक्शन सगळ्या अटॅकला चालत नाही, ज्यात ईसीजीची रेघ तशी वर गेलेली असते त्यालाच, तेही दुखायला लागल्यापासून १२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं.

पण ‘वेळेत’ हा शब्द मेसेजवाल्याने गिळला. युरोपातल्या हृदयरोगतज्ञांच्या संघटनेचाच नियम आहे की ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत बलून होणार नसेल तर इंजेक्शन द्या, आणि ते १० मिनिटांत सुरू करा. श्रीमंत देशांनी फेकून दिलं ना? त्यांनी फार तर स्ट्रेप्टोकायनेजच्या जागी टेनेक्टेप्लेज घेतलं, जे एका झटक्यात शिरेतून देता येतं. काम तेच. स्ट्रेप्टोकायनेज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आणि मुळात ईसीजी काढल्याशिवाय इंजेक्शन लागणार की कॅथलॅब हेच कळत नाही, आणि ईसीजीचं मशीन त्याच छोट्या हॉस्पिटलात आहे जिथे थांबू नका म्हणतायत! वाटेत ठोके बंद पडले तर शॉकचं मशीन गाडीत आहे का?

छोट्या हॉस्पिटलात थांबण्यातच वेळ जातो असं कुणाला वाटत असेल तर ते पण चूक. भारतातल्या अटॅकचा संशय असलेल्या पेशंटांच्या क्रिएट नावाच्या नोंदणीत, २००८ साली छापलेल्या, २०,००० च्या वर पेशंट होते. दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंतचा मधला आकडा ३६० मिनिटं. सहा तास! हे तास जातात हॉस्पिटलात पोचायच्या आधीच, गॅस असेल म्हणत आणि कोण गाडी काढतंय बघत.

सॉर्बिट्रेटने दुखणं कमी होऊ शकतं, पण १९९५ च्या ५८,००० पेशंटांच्या चाचणीत त्या जातीच्या औषधाने जीव वाचताना दिसले नाहीत. बीपी आधीच खाली असेल तर ते अजून पाडतं, आणि वायग्रासारखी गोळी घेतलेली असेल तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरने सांगितलं असेल तरच. सहावा मुद्दा तर वेडेपणा आहे, पहिला ईसीजी नॉर्मल येऊन सुद्धा अटॅक असू शकतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारा पदार्थ) बघतात, जे वाढायला काही तास लागतात. शुगरवाल्यांना तर कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो नाहीतर घाम सुटतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. सगळे गप्प. सकाळी आत्याचा एकच मेसेज, “मग ती ॲस्पिरिन गिळायची का चघळायची?”

चावून खायची, आत्या. तीनशेची, कोटिंग नसलेली. ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल तरच. आणि चावता चावता गाडीत बस.