लाल डगलेवाल्यांच्या बदल्या

खेळण्यातल्या जुन्या, मोडक्या शिशाच्या शिपायांना मी नवं आयुष्य देतो, असं मी सांगतो. घरच्यांच्या मते मी रात्र रात्र जागून मुंडकी छाटतो. दोन्ही खरं आहे.

मुळात या शिपायांच्या माना नाजूक. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं १८९३ मध्ये पोकळ शिपाई आणले. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेनं थर धरला की उरलेलं परत ओतून घ्यायचं. शिसं वाचलं, शिपाई स्वस्त झाला, पण डोक्यापासून पायापर्यंत पोकळ! त्यामुळे खोक्यात आदळआपट झाली की आधी मान जाते. मग आगकाडीचा तुकडा अर्धा मानेत, अर्धा डोक्यात. हा उपाय इतका जुना आहे की पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणा पोरानं खुपसलेली काडी अजूनही एखाद्या गळ्यातून निघते, गुलासकट.

शिसं विषारी, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरून माझी हकालपट्टी झाली ती रास्तच होती. आता सैन्याचा तळ गॅलरीत. कानस ओली करून घासायचं, नंतर साबणानं हात धुवायचे. शिपायांना ओकच्या देखण्या कपाटात ठेवायचीही सोय नाही. त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शिशाची पांढरी भुकटी होते. साध्या खोक्यातला फौजी जास्त जगतो.

पण खरा छळ पलटण बदलण्यात आहे. ब्रिटिश राजघराण्याच्या रक्षक पलटणींपैकी ग्रेनेडियर गार्डचा कोल्डस्ट्रीम गार्ड करायचा. दोघांचा डगला लाल, दोघांची टोपी अस्वलाच्या केसांची. लोकांना वाटतं, झालं की काम! ग्रेनेडियरचा पांढरा तुरा डावीकडे. कोल्डस्ट्रीमचा लाल, उजवीकडे. म्हणजे जुना तुरा घासून काढा, पुटीचा नवा वळा. त्यावर बटणं. ग्रेनेडियरची एकेक, समान अंतरावर. कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोड्यांत. आयरिश चार-चार, वेल्श पाच-पाच. शिपाई अवघा ५४ मिलिमीटर, बटण खसखशीएवढं, आणि मी श्वास रोखून ब्रश टेकवतो नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजते.

"आधीही लाल डगलाच होता ना रे?" आई विचारते. तिला बटणं मोजून दाखवली. तिनं चष्मा काढून ठेवला.

तुरा कुठल्याच बाजूला चिकटेनासा झाला, की मी शिपायाची रवानगी स्कॉट्स गार्ड्समध्ये करतो. तिथं तुराच नसतो. बटणं मात्र तीन-तीन.