भीक नको, पण हेल्प आवर

रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मला टर्मिनलवरच्या एका टूलचा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, आठवत नव्हता. लॉग दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी करायचे आणि त्यातले दोन फोल्डर वगळायचे, एवढंच काम. वगळायला ‘एक्सक्लूड’, ‘इग्नोर’ की ‘स्किप’? टूलचं नाव मी सांगणार नाही. त्यानेही मला काही सांगितलं नाही, तेव्हा फिटंफाट.

आधी मदतीसाठी डॅश एच मारलं. उत्तर आलं, ‘होस्टचं नाव दिलेलं नाही.’ म्हणजे इथे एच म्हणजे होस्ट. त्यात टूलला तरी काय बोलणार? डिस्कची जागा मोजणाऱ्या डीयू आणि डीएफमध्ये हाच एच आकडे माणसाला कळतील असे दाखवतो, मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये फाइलींची नावं लपवतो आणि शटडाउनमध्ये तर मशीनच बंद करतो. मदतीला हाक मारावी आणि समोरच्याने दिवा मालवून निघून जावं!

मग अदबीने अख्खं डबल डॅश हेल्प लिहिलं. स्क्रीनवरून काहीतरी सुसाट गेलं. थांबलं तेव्हा समोर होतं लायसन्स, कॉपीराइट आणि बग कळवायचा पत्ता. टर्मिनलवर माणसाची नजर तळाशी असते, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. (इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या कर्लचे पर्याय दोनशेच्या वर आहेत, तरी तो आधी नेहमीचे मोजकेच दाखवतो, सगळे हवे असतील तर ‘हेल्प ऑल’ म्हणायचं. याला म्हणतात रीत.)

पाइप लावून, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याकडे वळवून, मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या लेसमध्ये सोडला. तो पुन्हा धावत गेला, लेस मात्र कोरडं ठणठणीत. ग्रेपला ‘एक्सक्लूड’ शोधायला सांगितलं, तर अख्खी हेल्प परत अंगावर. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! महाशय हेल्प स्टँडर्ड एररवर, म्हणजे तक्रारींच्या वेगळ्या वाटेवर, छापत होते; पाइपमधून जातं ते फक्त नेहमीचं स्टँडर्ड आउटपुट.

स्टँडर्ड एरर जन्माला आला तो सत्तरच्या दशकात, बेल लॅब्जमध्ये. फोटोटाइपसेटरवर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रावर, मजकुराऐवजी एररच सुबक छापून यायला लागले, म्हणून तक्रारींना वेगळी वाट काढून दिली. पण मी हेल्प मागितली आणि त्याने ती दिली, यात तक्रार कुठे आली? मागितलेली हेल्प स्टँडर्ड आउटपुटवर द्यावी आणि यशस्वी म्हणून बाहेर पडावं, असं ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय. चूक झाली तर एका ओळीत स्टँडर्ड एररवर बोलावं आणि एक्झिट कोड, म्हणजे बाहेर पडताना द्यायचा आकडा, शून्य सोडून काहीही द्यावा, कारण शून्य म्हणजे यश.

आमच्या पठ्ठ्याचा तिथेही उलटा कारभार. गेल्या महिन्यात रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एका फ्लॅगचं स्पेलिंग चुकलं. याने पानभर हेल्प ओकली, ती रात्री कुणी वाचली नाही, आणि वर एक्झिट कोड दिला शून्य. स्क्रिप्टने ‘बॅकअप झाला’ असं मला रोज सकाळी कळवलं. अकरा दिवस. मी दोनदा तिचं कौतुकही केलं.

शेवटी टू, ग्रेटर दॅन, अँपरसँड, वन असा, तक्रारींची वाट नेहमीच्या वाटेला जोडणारा, मंत्र टाकून हेल्प एकदाची लेसमध्ये कोंडली आणि ओळ न् ओळ वाचली. फ्लॅग निघाला ‘ओमिट’. समोर अर्थ दिला होता, ‘ओमिट चालू करतो.’ उदाहरण एकही नाही. मी ओमिटपुढे फोल्डरचं नाव लिहून एंटर दाबलं.

अख्खी हेल्प पुन्हा धावत गेली. एक्झिट कोड पाहिला. शून्य.