सुभद्राहरण, वन्स मोअर

गॅदरिंगच्या मीटिंगला जो पालक उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात मागचं काम पडतं, हे सगळ्या शाळांत सारखंच असावं. नाच, फराळ, अँकरिंग सगळं वाटून झालेलं असतं आणि मग बाई आपल्याकडे बघून गोड हसतात, "तुम्ही बॅकस्टेज बघाल ना?" बॅकस्टेज म्हणजे नेमकं काय ते कोणीच सांगत नाही. जे दुसरं कोणी करणार नाही ते सगळं बॅकस्टेज.

तर यंदा आमच्या लेकीच्या शाळेने ठरवलं सौभद्र, सुभद्राहरणाचं जुनं संगीत नाटक. अख्खं नाही हो, पाऊण तासाचं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ते आणलं त्या काळात संगीत नाटकं रात्रभर रंगायची म्हणे, आमच्याकडे साडेआठ वाजले की आज्या चपला शोधायला लागतात. तेव्हा सुभद्रेचं काम करायचे भाऊराव कोल्हटकर, कारण बायकांनी स्टेजवर यायची सोय नव्हती. आता बरोब्बर उलटं, गायचं म्हटल्यावर नववीतले मुलगे मागच्या दाराने पसार, त्यामुळे अर्जुन मुलगी, नारद मुलगी, बलरामही मुलगीच. एकच मुलगा धड गाणारा सापडला, त्याला कृष्ण केलं आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याचा आवाज फुटला. सुट्टीआधी काळी चारच्या उंच पट्टीत मस्त गाणारं पोर सुट्टीनंतर पहिल्याच तानेला असं काही फाटलं की बाईंनी पाण्याची बाटलीच पुढे केली. समोर पेटीवर कोणी बसलेलं असतं तर पट्टी उतरवून भागलं असतं, पण आमचा ट्रॅक पैसे देऊन आधीच रेकॉर्ड करून घेतलेला. एका बाबांनी लॅपटॉपवर ट्रॅकची पट्टी उतरवून दिली तर तबला विहिरीत पडल्यासारखा वाजायला लागला. शेवटी ठरलं की कृष्ण नुसता गालातल्या गालात हसेल आणि त्याची पदं विंगेतून सहावीतली एक मुलगी गाईल. नाहीतरी कृष्णाच्या लीला अगाधच.

अर्जुनाचं दुखणं वेगळं. तो यतीचा वेष घेतो, म्हणजे दाढी आली. क्रेपची दाढी स्पिरिट गमने चिकटवली तर काढताना पोरगी रडते, म्हणून ड्रेपरीवाल्याने कानात अडकवायची दाढी दिली. पण कानात आधीच कुंडलं, आणि ती चेहऱ्याला मेकअप लावल्यावर अशी घट्ट बसलेली की मधल्या ब्लॅकआउटमध्ये निघेचनात. मी मोबाईल तोंडात धरून त्याच्या उजेडात एक कान बघतेय, दुसऱ्या कानाशी अर्जुनाची आई, आणि अर्जुन म्हणतोय, "काकू, दुखतंय." गेला मग अर्जुन तसाच, दाढी आणि कुंडलं दोन्ही घालून. समोर कोणाला काही वाटलं नाही. मला वाटतं समोरचे फक्त आपापलं पोर बघतात, बाकीचं नाटक आपल्यासाठीच असतं.

खरी परीक्षा घटोत्कचाची. नाटकात तो कृष्णाच्या सांगण्यावरून झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो. आमचा घटोत्कच सातवीतला, किडकिडीत, सुभद्रा नववीतली आणि बास्केटबॉलच्या टीममधली. उचलणं सोडाच, ती उभी राहिली की तो मागे दिसतच नसे. मग शिपाईकाकांनी डोकं लढवलं. सिलेंडर न्यायची चाकांची पाटी होती, तिच्यावर फळी ठोकली, वर गादी, वर जरीची चादर, आणि चादरीखालून दोरी थेट विंगेत माझ्या हातात. घटोत्कचाने नुसते हात पसरून मायावी हसायचं, ओढणार मी. चाक कुरकुरत होतं, त्याला खोबरेल घातलं. पण काकांनी जरा सढळ हाताने घातलं असावं, कारण प्रत्यक्ष प्रयोगात मी बेताने ओढली आणि सुभद्रा जी सुसाट सुटली ती थेट माझ्या गुडघ्यावर. घटोत्कच अजून रंगमंचाच्या मध्यावरच हात पसरून उभा.

हॉलमध्ये एक सेकंद शांतता आणि मग टाळ्या, शिट्ट्या, आणि मागच्या रांगेतून कुठल्यातरी आजोबांचा खणखणीत आवाज, "वन्स मोअर!" अहो वन्स मोअर गाण्याला देतात, अपहरणाला नाही! पण बाई जुन्या संगीत नाटकांवर वाढलेल्या, वन्स मोअर आला की द्यायचा हे त्यांच्या रक्तात. समोरच्या विंगेतून त्यांनी बोट गोल फिरवून खूण केली, परत घ्या. म्हणजे सुभद्रा सगळ्यांदेखत गादीसकट ढकलत पुन्हा महालात न्या, झोपवा, आणि पुन्हा पळवा. सुभद्रेने गुणी बाळासारखे डोळे मिटून घेतले, फक्त पुटपुटली, "काकू, या वेळी हळू." द्वारकेची नागरिक म्हणून मागे उभी असलेली माझी लेक दात ओठ खात मला खुणावत होती, आई आत जा, सगळ्यांना दिसतेयस. कशी जाऊ? दोरी माझ्याकडे!

आजोबा नंतर मुद्दाम विंगेत येऊन घटोत्कचाची पाठ थोपटून गेले. काय ताकद आहे पोराच्या अंगात, म्हणाले. घटोत्कचाने माझ्याकडे न बघता थँक्यू म्हटलं.

ड्रेपरीवाल्याने मात्र बलरामाच्या नांगराचे पैसे डिपॉझिटमधून कापले. थर्माकोलचा नांगर तो, त्याच्यावर कोणीतरी बसलं होतं. ग्रुपवर त्याचा हिशेब टाकला तर त्याच्याखाली लगेच बाईंचा मेसेज, पुढच्या वर्षी शाकुंतल करूया का, आणि एका उत्साही बाबांचा रिप्लाय, आश्रमातलं हरीण चालतं-बोलतं दाखवता येईल, बॅकस्टेजवाल्या ताई करतील काहीतरी. त्याला आत्तापर्यंत सव्वीस अंगठे आलेत, त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.